पाळीवरच्या बायका

नागपुरातल्या महाल भागात मधुकररावांच्या फोटो स्टुडिओत त्या दिवशी भर दुपारी सात-आठ बाया एकदम शिरल्या. सुभद्रा काउंटरमागे बसून पासपोर्टचे फोटो कापत होती. बायांच्या पायांवर धूळ, कपाळावर घाम. कुहीकडच्या एका खेड्यातून एस.टी.ने आल्या होत्या. सगळ्यांत पुढे होती ती मनकर्णा, उंच, हाडापेराने मजबूत, आवाजही तसाच. तिने फडक्यात बांधलेला एक मोठा फोटो सोडला आणि काउंटरवर ठेवला.

"बाई, यातली मी कोणती हाओ, तेवढं सांगा मले."

सुभद्राने फोटो ओढून घेतला. याच स्टुडिओचा होता, मागे शिक्काही होता. पुढे खुर्च्यांवर चार-पाच पुरुष बसलेले. मधोमध नागपूरहून गेलेला मोठा साहेब, त्याच्या शेजारी सरपंच रुपराव. धोतरं, टोप्या, सदरे, सगळं उन्हात लखलखत होतं. त्यांच्या मागे आंब्याखाली बायांची एक रांग उभी होती. रांग म्हणजे नुसती लुगडी. पदराखाली जिथे तोंडं असायला हवीत तिथे काळे डाग, शाईत बोट बुडवून कोणी ओळीने टेकवावं तसे.

"गावाच्या तलावाची पाळ फुटली होती मागच्या पावसाळ्यात," मनकर्णा सांगू लागली. "सारा उन्हाळा माती वाह्यली आमी डोक्यावर. धानाले पाणी पाहिजे होतं न. पाळ आमी बांधली, अन् फोटोत सायेबाच्या बुटाची नाडी दिसते, आमचं तोंड दिसत नाही. काहून?"

आवाज ऐकून मधुकरराव आतून बाहेर आले. सुभद्राचे सासरे. साठी ओलांडलेले, धोतर, अंगात बंडी, कपाळावर चष्मा. चाळीस वर्षं हाच धंदा. हा फोटो त्यांनी स्वतः त्या गावी जाऊन काढला होता.

"बाई, ऊन डोक्यावर होतं," ते शांतपणे म्हणाले. "साहेब बारा वाजता आले, त्याला मी काय करणार? तुम्ही सावलीत, त्यात डोक्यावर पदर. कॅमेऱ्याला दिसलं तेवढं आलं."

"आमाले तर त्याच सावलीत एकमेकींचे तोंड दिसत होते," मनकर्णा म्हणाली.

यावर मधुकररावांनी कपाळावरचा चष्मा काढला. ते तो पुसत राहिले. आणि सुभद्राच्या तोंडून निघून गेलं, "निगेटिव्ह पाहते मी. आठ दिवसांनी या तुम्ही. तुमचे चेहरे काढून देते."

बाया गेल्या. मधुकररावांनी सुनेकडे पाहिलं. "शब्द देऊन बसलीस, सूनबाई."

"हो, मामंजी."

"त्या निगेटिव्हमध्ये काही नाही. मी पाहिलंय."

सुभद्रा मूळची काटोलची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला कॅमेऱ्याचं झाकण कुठे असतं तेही ठाऊक नव्हतं. नवरा विश्वनाथ कचेरीत कारकून, त्याला स्टुडिओचा कंटाळा. सासूबाई गेल्यावर मधुकरराव दिवसभर एकटे पडायचे म्हणून ती डबा घेऊन यायची. बसल्या बसल्या फोटो कापायला शिकली, मग बारीक ब्रशने त्यांवरचे ठिपके भरायला. पुढे फोटो धुण्याच्या औषधांच्या वासाने मधुकररावांना दम लागू लागला आणि डार्करूम तिच्याकडे आली. ते सांगतील तसं ती करी. स्टुडिओत सगळे फोटो कडक कागदावर निघत. कडक कागद म्हणजे काळं ते ठार काळं, पांढरं ते शुभ्र पांढरं, मधलं काही फारसं ठेवायचं नाही. गिऱ्हाइकाला चमक लागते, असं मधुकरराव म्हणत आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते निगेटिव्ह शोधून काढलं. खिडकीपाशी उजेडात धरलं तर साहेबाचे कपडे कोळशासारखे काळे आणि बायांची तोंडं काचेसारखी रिकामी. मधुकरराव म्हणत होते तसंच. पण तिने खाली काळं फडकं पसरलं, त्यावर निगेटिव्ह तिरपं धरलं आणि भिंग लावलं. तशा उजेडात रिकाम्या जागी फिकट रेषा दिसू लागल्या. एक नाक. ओठांची एक कड. एकीच्या नथीवरचा चमकता कण. कडक कागदाने गिळून टाकलं होतं ते सगळं तिथे होतं, थोडंथोडकं का असेना, होतं.

तिने दार लावलं, लाल दिवा लावला आणि कामाला लागली.

आधी नरम कागद घेतला. नरम कागदावर काळ्यापांढऱ्याच्या मधल्या सगळ्या छटा सामावतात. औषधात कागद हलवता हलवता चित्र वर आलं, पण राखेत लोळवल्यासारखं. सरपंचांच्या धोतराला चुण्या आल्या, टोपीला शिवण आली, बायांची तोंडं मात्र काळ्याची करडी झाली, तरी कोणती कोण ते कळेना. तिने उजेड कमी दिला. तोंडं उघडली, तर पुढचे पुरुष भुतासारखे पांढरे झाले. उजेड वाढवला की बाया बुडत. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजायचं, इथेच चूक होत होती. सावलीला थोडा उजेड पुरत होता, उन्हाला भरपूर लागत होता.

मग तिने जाड पुठ्ठा घेतला. निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरच्या उजेडात बायांच्या डोक्यांची रांग पुठ्ठ्यावर पेन्सिलीने उतरवली आणि कात्रीने तसाच आकार कापला. आता आधी सगळ्या चित्राला थोडा उजेड द्यायचा, बायांना पुरेल इतकाच. मग पुठ्ठा आडवा धरून त्यांची तोंडं झाकायची आणि बाकीच्यांना हवा तितका उजेड पिऊ द्यायचा. मध्यम कागदावर पहिला फोटो काढला आणि ती स्वतःशीच हसली. तोंडं आली होती! पण प्रत्येकीच्या डोक्याभोवती पांढरं कडं आलं होतं, कॅलेंडरवरच्या देवांसारखं. अख्खी रांग देवळात बसवावी अशी.

पुढचे तीन-चार दिवस घरचा स्वयंपाक उरकून ती स्टुडिओत यायची ती थेट आत जायची. पुठ्ठा लहान कापला, कडं गेलं, पण कपाळं काळी पडली. मोठा कापला, कडं परत आलं. बोटांना औषधाचा पिवळेपणा चढला. विश्वनाथ जेवताना म्हणाला, "काहून एवढं जिवाला लावून घेतलं? सांगून टाक, नाही होत म्हणून."

"होत नाही असं नाही," ती म्हणाली. "मले जमून नाही राहिलं, एवढंच."

टाकाऊ कागदांची टोपली मधुकररावांनी पाहिली होती. शनिवारी दुपारी ते तोंडावर उपरणं धरून डार्करूममध्ये आले आणि तिच्या मागे उभे राहिले. तिने पुठ्ठा धरला तसे म्हणाले, "कागदाला टेकवतेस तू. म्हणून कड उमटते. वर उचल, एनलार्जरच्या भिंगाजवळ. सावली पसरट पडू दे. आणि हात थांबवू नको. पीठ चाळतेस ना, तसा हलता ठेव."

तिने हात वर नेला. हात हलता ठेवला. कागद औषधात सोडला आणि दोघंही वाकून पाहू लागले. आधी साहेबाचं जाकीट आलं, मग आंब्याचं खोड, आणि मग एकेक करून तोंडं. मनकर्णा हनुवटी वर करून उभी. तिच्या बाजूची हसू दाबत होती. एक तिसरीकडेच बघत होती, बहुधा पाळीकडे. कोणत्याही डोक्याभोवती कडं नव्हतं.

मधुकरराव खोकत बाहेर गेले. जाताना म्हणाले, "हे माझ्या हातून निघालं नव्हतं. बरं झालं निघालं."

पण फोटो धुऊन वाळवल्यावर सुभद्राला दिसलं, की अगदी टोकाला, फांदीच्या दाट सावलीत उभी असलेली बाई तशीच राहिली होती. पदर होता, हात होते, हातात घमेलं होतं, तोंडाच्या जागी काळोख. तिने परत काळं फडकं पसरलं, भिंग लावलं, निगेटिव्ह सगळ्या बाजूंनी फिरवलं. तिथे खरंच काही नव्हतं. त्या एका तोंडावरून इतकाही उजेड परतला नव्हता.

"आण इकडे," मधुकरराव म्हणाले. ब्रशच्या कामात त्यांच्यासारखा हात आख्ख्या महालात नव्हता. "डोळे, नाक, ओठ काढून देतो. बेमालूम. एवढ्याशा चेहऱ्यात कोणाला कळतंय?"

त्यांनी ब्रश ओला केलाही होता. सुभद्राने फोटो दिला नाही.

"तिला कळेल, मामंजी."

आठ दिवसांनी बाया आल्या. फोटो बघताच काउंटरभोवती एकच गलका झाला. "पाह्य वं, ही तू!" "बाप्पा, माह्यं तोंड कसं झालं थे!" मनकर्णाने स्वतःला शोधलं आणि ती नुसती मान हलवत राहिली. सगळ्यांच्या मागे एक लहान चणीची म्हातारी होती, तिला पुढे सरकायला जागा मिळेना. मनकर्णाने तिला हाताला धरून पुढे आणलं. "जिजाबाई, पाह्य गड्या तू."

जिजाबाईने फोटोच्या टोकावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. गलका हळूहळू थांबला.

"आजी, तिथे काहीच उमटलं नव्हतं," सुभद्रा म्हणाली. "मी लय पाहिलं. ब्रशनं तोंड काढून देता येते, पण ते तुमचं नाही होणार. म्हणून नाही काढलं."

जिजाबाईने बोट उचललं. मग म्हणाली, "माह्यावाला एकही फोटो नाही, बाई. लग्नातला नाही, कशातलाच नाही. दुसऱ्याचं तोंड घेऊन काय करू मी?"

"मी येते तुमच्या गावाले," सुभद्रा म्हणाली. "सकाळच्या गाडीनं. तुमचा फोटो काढते, पाळीवर."

कॅमेरा घेऊन ती कधीच बाहेर गेली नव्हती. ते काम मधुकररावांचं. बाया गेल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांनी नाही म्हटलं तर काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करू लागली. मधुकररावांनी फळीवरचा कॅमेरा खाली घेतला, बाहीने पुसला आणि विचारलं, "रोल भरता येतो का?"

"पाहिलंय तुम्हाला भरताना."

"पाहून भागत नाही. बस इथं."

त्यानंतर एका सकाळी ती लवकरच्या एस.टी.ने गेली. फाट्यावर मनकर्णा उभी होती. पाळीवर पोचल्या तेव्हा सूर्य नुकता हातभर वर आलेला, तलावात पाणी भरलेलं, खालच्या बांध्या-खाचरांत धान हिरवंगार. बाया सगळ्या जमल्या होत्या. जिजाबाईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पदर पार भुवयांपर्यंत ओढला होता.

"आजी, पदर थोडा मागे घ्या," सुभद्रा म्हणाली.

"तेवढं नका सांगू, बाई. सासरची जेठ माणसं येऊन राहिली तिकडून."

खरंच सरपंच रुपराव दोघातिघांना घेऊन येत होते. "आता काहून फोटो?" त्यांनी दुरूनच विचारलं. "एकदा झाला न सायेबासंगं."

"थो सायेबाचा होता, भाऊजी," मनकर्णा म्हणाली. "हा जिजाबाईचा हाय."

रुपराव थबकले. बाया जागच्या हलल्या नाहीत. शेवटी ते बाजूला जाऊन उभे राहिले.

पदर मागे जाणार नव्हता. सुभद्राने भिंगातून पाहिलं, पदराखाली पुन्हा तोच अंधार. तिने कॅमेरा खाली केला. डार्करूममध्ये ती हाताने उजेड अडवत होती, इथे तो आत ढकलायचा होता. "कोणाच्या घरी पांढरी चादर हाय का?" तिने विचारलं. एक बाई धावत जाऊन घेऊन आली. सुभद्राने जिजाबाईला उन्हाकडे तिरपं बसवलं आणि चादरीची टोकं मनकर्णाच्या आणि दुसरीच्या हातात देऊन ती जिजाबाईसमोर खाली, गुडघ्याच्या उंचीवर ताणून धरायला लावली. चादरीवरचं ऊन उलटून वर गेलं आणि पदराखाली शिरलं. सुरकुत्या दिसल्या, डोळे दिसले.

"हलू नका, आजी." तिने श्वास रोखला आणि खटका दाबला. मग रोल फिरवून आणखी एकदा.

त्या आठवड्यात तिने तो फोटो घाई न करता धुतला, आणि मधुकररावांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. जिजाबाई मनकर्णासोबत तो न्यायला आली. काउंटरवरून दोन्ही हातांनी उचलून तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"मी अशी दिसतो?"

"अशीच दिसता, आजी."

"रागात हाय का मी?"

"डोळ्यावर ऊन होतं न तुमच्या."

"नाही," जिजाबाई म्हणाली. "थोडी रागातच होतो मी. सरपंच पाहून राहिला होता न." आणि तिने तोंडावर पदर घेतला, पण हसताना तिचे खांदे हलत होते. मनकर्णानेही मग मोठ्याने हसायला सुरुवात केली. फोटो पिशवीत घालायला सुभद्राने हात पुढे केला, तर जिजाबाई म्हणाली, "राहू द्या. गाडीत पाहत जातो."