नऊ नंबरच्या हिरवळीचा विळा

विषय : नवव्या हिरवळीवरील वाढ कापणेबाबत.
संदर्भ : मी स्वतः.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगतो, की मी विळा बोलतोय. नगरपरिषदेच्या जडवस्तू नोंदवहीत माझं नाव 'हस्तचलित गवतकापणी उपकरण' असं आहे. ते लिहायला लेखनिकाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी अर्धं खाचर कापलं असतं.

उर्से टोलनाक्याजवळ बंद पडलेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून तिकोणा पेठेच्या लोहारानं मला घडवलं. दहा वर्षं मी कोंडाजीच्या खाचरात भात कापला. मग कुसगावच्या अलीकडे नगरपरिषदेनं गोल्फचं मैदान काढलं आणि कोंडाजी तिथे माळी लागला. तिथलं परदेशी यंत्र पहिल्याच पावसाळ्यात बसलं. सुट्या भागाची वाट बघत ते अजून ताडपत्रीखाली आहे. कोंडाजीनं मला घरून आणलं. तेव्हापासून नऊ होलांचं मैदान एका विळ्यावर चालतं. खेळणारे हिरवळ बघतात आणि यंत्राचं कौतुक करतात.

मैदान 'बारमाही लोकोपयोगी' असावं, अशी ठरावात अट आहे. एका महिन्याचा जरी वापर 'निरंक' दिसला, तर जागा रिसॉर्टला भाडेपट्ट्यानं जायची आणि कोंडाजीची नोकरीही निरंक व्हायची. हिवाळ्यात चिंता नसते. सकाळी खेळ, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांचं फिरणं, म्हणजे बहुतांशी बसणं. उन्हाळ्यात बायका पहिल्या होलपाशी कुरडया वाळवतात. चेंडू त्यांत पडला तर कुरडई न मोडता खेळावा, असा स्थानिक नियम आहे.

पण पावसाळा? जून सरता सरता नवव्या होलची हिरवळ घोटाभर पाण्यात गेली आणि खेळायला कोणी फिरकेना. वापराची वही पुढ्यात घेऊन कोंडाजी डोकं धरून बसला.

"येवढं पानी साचलंय आन् तुमी रडताय?" त्याची बायको शालन म्हणाली. "आवणी करा की."

"खुळी का काय तू? गोल्फ हाय ते."

"मंग? गोल्फला चिखल चालत न्हाई, भाताला चालतो. चालतंय त्येला चालू द्या."

जुलैत चौदा बायकांनी तिथे इंद्रायणी भाताची रोपं लावली. कोंडाजीनं वहीत लिहिलं : 'हिरवळीचे पुनर्रोपण. सहभाग : चौदा महिला.' यात खोटं एक अक्षर नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'तणनिर्मूलन. सहभाग : वरीलप्रमाणे.'

ऑक्टोबरात उद्यान विभागाच्या राजेश्वरी मॅडम तपासणीला आल्या.

"कोंडाजीभाऊ, गवत कमरेपर्यंत आलंय."

"यंदा पाऊस लय झाला, मॅडम."

"याला लोंब्या आल्यात."

"जात चांगली हाय."

मॅडमनी वास घेतला. काही बोलणार, तेवढ्यात लोणावळ्याचे चिक्कीवाले उमरभाई हातात काठी घेऊन धावत आले. मोसमातला त्यांचा पहिलाच खेळ होता. "भाऊ, माझा बॉल भातात गेला!"

"गवतात म्हना, उमरभाई, गवतात," कोंडाजी दातओठ खात म्हणाला.

"इंद्रायणी आहे ना ही? मला वासावरून—"

"बॉल हुडका तुमी!"

मॅडमनी वही मिटली. "गवत असेल तर पाच मिलिमीटरवर कापा, आजच. भात असेल तर हा मैदानाचा वापर नाही. तीन महिने निरंक."

हिरवी लोंबी कापायची, की नोकरी घालवायची? माझ्या पात्याला घाम फुटला. दव असेल.

"मॅडम, भात गवताच्याच कुळातला," कोंडाजी काकुळतीला आला. "कृषी मेळाव्यात सायबांनी सांगितलंय. पर पिकल्याबिगर कसं कापू?"

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी तेच केलं, जे कोणताही सुज्ञ अधिकारी करतो. 'भात हे गवत आहे किंवा कसे' याबद्दल कृषी विभागाचा अभिप्राय मागवला आणि खाली लिहिलं : 'अभिप्राय येईपर्यंत जैसे थे. कोणीही कापू नये.' भाडेपट्ट्याची फाइलही त्याच पत्राला टाचली. म्हणजे उत्तर येईपर्यंत मैदान शाबूत.

नोव्हेंबरात लोंब्या पिकून लवल्या, दाणे गळायला लागले. अभिप्राय आला नाही. कोंडाजी बांधावर बसून हळहळत होता. शालननं ते पत्र त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"कापू नये म्हनलंय. खुडू नये, असं कुटं म्हनलंय?"

दुसऱ्या दिवशी चौदाही बायका टोपल्या घेऊन आल्या आणि लोंबीन् लोंबी हातानं खुडून नेली. उमरभाईंचे तीन चेंडू सापडले, ते परत केले. वहीत नोंद झाली : 'नोव्हेंबर : बोटांचा व्यायाम. सहभाग : चौदा महिला.' निरंक एकही महिना नाही. कोंडाजीची नोकरी आहे.

राहिलो मी. ज्या कामासाठी जन्मलो, ते काम डोळ्यांदेखत बोटांनी केलं. आता लोंब्यांवाचून नुसती धाटं उभी आहेत. त्यांचा पेंढा गुरांना चांगला चालेल आणि तेवढं तरी मला कापू द्यावं, ही विनंती. तसा कोंडाजीचा अर्ज दोन डिसेंबरला आवक झाला असून पोच मिळाली आहे.

मी खोलीत खिळ्यावर आहे. अर्ज प्रलंबित आहे.