खिडकीतला पारा

सकाळचे ऊन आईच्या खोलीत वरून उतरत येते. आधी ते पलीकडच्या भिंतीवर, छताच्या अगदी खाली, एका अरुंद पट्टीसारखे उमटते. इतके फिकट की ते खरोखर आहे की आपल्याला नुसते वाटते आहे, हे ठरवता येऊ नये. मग बाहेर सूर्य जसजसा चढतो, तसतसे आत ऊन उतरू लागते. हा उलटा प्रवास मला लहानपणापासून आवडतो. भिंतीवरच्या घड्याळाची काच क्षणभर पेटते आणि विझते. कपाटाच्या दाराची कड उजळते. धुळीचे कण, जे रात्रभरही तिथेच असणार, आत्ताच जन्मल्यासारखे तरंगू लागतात. उतरता उतरता ऊन पलंगावर येते. आईच्या पायांवरची चादर, तिच्या बोटातली सैल झालेली अंगठी, उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला, अशी एकेक वस्तू हातात घेऊन पाहावी तसे पाहते आणि पुढे सरकते. शेवटी सगळे ऊन खिडकीच्या रुंद कट्ट्यावर गोळा होते, आणि तिथे मात्र ते पुष्कळ वेळ रेंगाळते. कट्ट्यावर आईचा चष्मा असतो, औषधाच्या बाटल्या असतात, आणि थर्मामीटरची बारीक पोलादी नळी असते. उन्हात ती नळी अशी लखलखते की तिच्याकडे नीट पाहवत नाही.

गेला महिनाभर रोज सकाळी त्या नळीतून थर्मामीटर काढून मी आईचा ताप पाहत असे.

“एकशे एक,” मी म्हणत असे.

“मला काही होत नाहीये रे,” आई म्हणत असे. “अंग माझं आहे. मला कळणार नाही का?”

कळणे वेगळे आणि मोजणे वेगळे, हे मी तिला किती वेळा समजावले असेल. मोजणे हाच माझा व्यवसाय आहे. एका प्रयोगशाळेच्या तळघरात मी थर्मामीटर तपासतो. दूध प्रक्रिया केंद्रे, रंगाचे आणि औषधांचे कारखाने आपापले हातभर लांबीचे थर्मामीटर आमच्याकडे पाठवतात. संथ ढवळल्या जाणाऱ्या पाण्याच्या हौदात ते प्रमाण थर्मामीटरशेजारी उभे करायचे, छोट्या दुर्बिणीतून पाऱ्याची टोके पाहायची, आणि कोण किती खोटे बोलतो ते लिहायचे. तिथे बोलावे लागत नाही, हे मला त्या कामातले सुख वाटते.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक : “थर्मामीटर कधीही दुसऱ्याचं तापमान सांगत नाही. तो फक्त स्वतःचं सांगतो. तो आणि ती वस्तू एकसारख्या उष्ण झाल्यात, याची खात्री करणं तुझं काम.” आणि दुसरी : “याला झटका द्यायचा नाही. पाऱ्याची रेघ तुटली तर मी तुझा हात तोडीन.” दोन्ही गोष्टी माझ्या अंगात मुरल्या, दुसरी जरा जास्तच. आता मी कपबशीही झोपलेले मूल उचलावे तशी उचलतो.

हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. तेव्हा ताई, माझी थोरली बहीण, सासरहून येऊन राहिली होती. औषधे, पथ्य, ताप पाहणे, सगळे तीच करी. मी दारात उभा राहून आईच्या श्वासाचा आवाज ऐकत असे. आई त्यातून उठली. ताई परत गेली. थर्मामीटर माझ्या हाती आला, आणि ऋतू पालटून खिडकीत लख्ख ऊन येऊ लागले, तसा आईचा तापही परत आला. रोज नव्हे, मधले एखाददोन दिवस पारा खाली असे. पण यायचा तो सकाळीच. डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. ताप चढतो तो सहसा संध्याकाळकडे, आणि संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात आईला कधीच ताप नसे. “पण तुम्ही मोजमापातलेच आहात,” ते मला म्हणाले, “तुमचे आकडे मी कसे नाकारू?” छातीत काही दडून बसले नाही ना, याची त्यांना शंका होती. आईला मोठ्या रुग्णालयात भरती करून सगळ्या तपासण्या करायच्या ठरल्या. त्या शंकेचे नाव त्यांनी उच्चारले नाही, आणि मी विचारले नाही.

याच महिन्यात मॅडमनी मला बोलावून सांगितले होते की, दूरच्या शहरातल्या मुख्य प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एक जागा आहे आणि त्यांनी माझे नाव सुचवले आहे. “आई आजारी आहे,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि उत्तरासाठी थोडी मुदत दिली.

भरतीच्या दिवशी सकाळी आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ताई आदल्या रात्रीच आली होती. ऊन कट्ट्यावर पोहोचून बराच वेळ झाला होता. मी नळीतून थर्मामीटर काढला, स्पिरिटच्या बोळ्याने हळुवार पुसला आणि आईच्या जिभेखाली ठेवला.

“काय पारोबा, किती?” ताईने विचारले. पारोबा हे तिने मला नोकरी लागल्या दिवशी ठेवलेले नाव.

खिडकीकडे पाठ करून मी वाचले. “एकशे एक.”

ताईने आईच्या कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या. मग माझ्या. “तिघांत गरम डोकं तुझंच आहे.”

“ताई, हात म्हणजे मोजमाप नव्हे.”

“बरं बाबा. मग माझं मोज.”

“तुझं कशाला?”

“असला ताप तर सासरी कळवते. चार दिवस माहेरी लोळायला मिळेल.”

वाद घालण्यापेक्षा मोजणे सोपे होते. मी थर्मामीटर पुसून तिच्या तोंडात ठेवला, आणि आमच्या घरात क्वचित लाभणारी शांतता पसरली. आई मिस्कील हसत होती. मी थर्मामीटर काढून पाहिला.

“एकशे एक,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “तुला आईकडून लागला असेल.”

“काल रात्री आले आणि सकाळी लागला? इतक्या तातडीने तर माझा नवराही घरी येत नाही.”

मी पुन्हा पाहिले. पाऱ्याचे टोक त्याच रेघेवर होते, त्या रेघेच्या त्याच कडेला. केसभरही हललेले नव्हते. तळघरात एकाच पाण्यात शेजारी उभे केलेले दोन उत्तम थर्मामीटरसुद्धा असे तंतोतंत जुळत नाहीत. इतके नेमके साम्य निसर्ग सहसा देत नाही. बिघडलेले मापन देते.

उशाशी पाण्याचा पेला होता. मी त्यात बोट बुडवले. पाणी गार होते. मग मी त्यात थर्मामीटर बुडवला, आणि आम्ही तिघे त्या पेल्याकडे एखाद्या रुग्णाकडे पाहावे तसे पाहत राहिलो.

एकशे एक.

“अगं बाई,” ताई म्हणाली, “पाण्यालाही ताप आलाय. आई, पिशवीत याचेही कपडे भर.”

मी हसलो नाही. मी पलंगाच्या कडेवर बसलो. “ताई, हिवाळ्यात तू ताप बघायचीस, तेव्हा आधी काय करायचीस?”

“काय म्हणजे? झटकायचे. सगळेच झटकतात.”

“जोरात?”

“दोन तर पलंगाला आपटून फोडले. तुला सांगितलं नव्हतं, तुझा जीव गेला असता.”

तापाच्या थर्मामीटरच्या काचेला, तळाच्या पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर, एक अरुंद गळा असतो. तापलेला पारा त्या गळ्यातून वर चढतो, पण थंड झाल्यावर आपोआप खाली येऊ शकत नाही. तोंडातून काढल्यावरही आकडा टिकावा म्हणून ही सोय. त्याला विसरता येत नाही. हिसका देऊन विसरायला लावावे लागते. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते आणि गुणही मिळवले होते. पण माझ्या हातांना ते कधी कळलेच नव्हते. माझ्या हातांना ठाऊक होते ते तळघरातले थर्मामीटर. ते आपले आपण खाली येतात आणि त्यांना हिसका देणे हा अपराध असतो.

“दे झटकून,” ताई म्हणाली.

मी थर्मामीटर उचलला. मनगट हलेना. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला, उठून बसली आणि हवेत असा सणसणीत झटका दिला की मी डोळे मिटले.

“असं,” ती म्हणाली, आणि स्वतःच तो जिभेखाली ठेवला.

पारा नेहमीच्या, निरोगी माणसाच्या रेघेशी थांबला. ताईने टाळी वाजवली. पण मी हात वर करून तिला थांबवले.

“आता काय राहिलं?” आईने विचारले.

“एवढ्यावर म्हणता येणार नाही. आत्ता ताप नाही, इतकंच कळलं. तो येत कुठून होता, ते दाखवायला हवं. तुझ्याशिवाय आणून दाखवायला हवा.”

मी आईला पारा पुन्हा खाली झटकायला सांगितले, थर्मामीटर नळीत घातला आणि नळी कट्ट्यावर तिच्या रोजच्या जागी, उन्हात ठेवली. मग तिला कुणीही हात लावायचा नाही, असे बजावून आम्ही चहा घेत बसलो. ताई सासरच्या गमती सांगत होती; आई हसत होती; मी एका चमकत्या नळीकडे पाहत मनातल्या मनात प्रार्थनेसारखे काहीतरी करत होतो, जे माझ्या व्यवसायात बसत नाही.

“रोज रात्री मी तो झटकूनच नळीत ठेवते,” आई मधेच म्हणाली.

“मग ढगाळ दिवशी काय व्हायचं रे?” ताईने विचारले.

मी आठवू लागलो. ढगाळ दिवशी पारा खाली असे. मी त्याला औषधाचा गुण म्हणत असे.

चहा संपल्यावर मी नळी उचलली. ती हाताला चांगलीच ऊन लागली. आतला थर्मामीटर काढून मी तो भिंतीच्या सावलीत धरला, आणि आधी ताईला वाचायला दिला, कारण या वेळी मला माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता.

“एकशे एक,” ताई म्हणाली. “आणि वर थोडा.”

कुणाच्याही तोंडात तो गेला नव्हता. इतके दिवस मी खिडकीचे तापमान मोजत होतो आणि ते आईच्या नावावर लिहीत होतो. माझ्या छातीवरून काहीतरी जड, हिवाळ्यापासून तिथे बसलेले, उठून गेले, आणि मला रडू आले.

“अरे वेड्या, रडतोस काय?” आई म्हणाली. “बरी आहे ना मी?”

डॉक्टरांना फोन केला. ते इतके हसले की फोन कानापासून दूर धरावा लागला. दवाखान्यात येऊन एकदा दाखवून जा, म्हणाले. भरतीची काही गरज नाही. ताईने पिशवी उलटी करून पलंगावर रिकामी केली. आईने त्या ढिगातून आपली चांगली साडी उचलली, केस विंचरले, आणि महिनाभर कोपऱ्यात पडून असलेल्या चपला झटकून पायांत घातल्या.

“कोपऱ्यापर्यंत चालून येते,” ती म्हणाली. “महिना झाला, नुसती भिंत बघतेय.” दारात पोहोचल्यावर ती वळली. “आणि त्या मॅडमना आता काय सांगणार आहेस?”

“बघू. तुझी तब्येत अजून जरा...”

ताईने थर्मामीटर माझ्यापुढे धरला.

तो काही मी घेतला नाही. ऊन कट्ट्यावरून निघून चालले होते. चष्म्याची एक काच तेवढी अजून उजळत होती. मला त्या ढगाळ सकाळी आठवल्या. पारा खाली दिसला की आनंद व्हायला हवा होता. मी मात्र प्रत्येक वेळी थर्मामीटर पुन्हा आईच्या जिभेखाली ठेवत असे, चुकून कमी आला असेल म्हणून. जास्त आला, तेव्हा एकदाही पुन्हा मोजले नव्हते.

आई दाराची कडी धरून वाट पाहत उभी होती. तिचा चेहरा ताजा आणि निरोगी दिसत होता.

“आई,” मी म्हणालो, “मला जायची भीती वाटते.”