चौदा दिवसांचे डबे

"नऊच?" बोहुमिलाने मुलाने भरून घ्यायला आणलेली रिकाम्या डब्यांची पिशवी उलटी करून झटकली, पण दहावा डबा काही निघाला नाही.

"नऊ पुरे," नकाशावरून मान वर न करता तिचा मुलगा स्लावेक म्हणाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने नकाशा पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार बशा ठेवल्या होत्या आणि पट्टी लावून तो रेघा मारत होता. "पहिला मुक्काम बुडापेस्टच्या अलीकडे, दुसरा बालाटन तळ्याकाठी. मग सीमा ओलांडली की युगोस्लाव्हिया. झाग्रेब, आणि तिथून खाली समुद्र. पेट्रोल कुठे भरायचं तेसुद्धा लिहून काढलंय."

"आणि जेवायचं काय?"

"अगं, गाडीला वजन होतं आई."

बोहुमिलाने डबे पुन्हा मोजले. साखर कारखान्याच्या खानावळीत तिने तीस वर्षं लोकांना जेवू घातलं होतं. कोण किती खातं हे तिला तोंडाकडे बघून कळे. नवरा गेल्यावर त्याचं डबे बंद करायचं हातमशीन तिच्याकडे राहिलं आणि उन्हाळा आला की सारी गल्ली तिच्या दारात उभी राहू लागली. त्यांच्या मिकुलोव गावचा कुठला माणूस समुद्रावर जाताना घरचे डबे नेत नाही? परक्या देशाचं चलन सरकार हात आखडून देई, त्यात खानावळीत दोन वेळा जेवलं की संपलं. म्हणून मटणाचा रस्सा, टोमॅटोतले खिम्याचे गोळे, चरबीत थापलेले तळलेले तुकडे, सगळं डब्यात भरायचं, झाकण दाबून मशीन फिरवायचं आणि दोन तास उकळायचं. दुपारी एक डबा, रात्री एक. चौदा दिवसांचे अठ्ठावीस. यात कुणाला काही सांगावं लागत नसे.

आणि हा शहाणा म्हणे नऊ पुरे! लहानपणी तिसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय उठायचा नाही तो. नऊ डबे म्हणजे साडेचार दिवस. पाचव्या दिवशी मुलगा, सून आणि नात, हे तिघं कुठे जेवणार होते?

तिने मान वर केली. खिडकीतून समोरची टेकडी दिसत होती. ती टेकडी ऑस्ट्रियात. मध्ये तारा, पाऊल उमटावं म्हणून नांगरून ठेवलेला पट्टा आणि पहाऱ्याचे मनोरे. घरातून दिसणाऱ्या देशात पळून जायचं तर हंगेरी आणि युगोस्लाव्हियातून साडेसातशे किलोमीटरचा वळसा घ्यायचा आणि मग रात्रीचं जंगल तुडवायचं, असं लोक कुजबुजत. काही पोचत, काहींना साखळ्या घालून परत आणत.

ती तोंड उघडणार तेवढ्यात दार वाजलं आणि शेजारची रूझेना पातेलं घेऊन आत आली. तिचा नवरा गल्लीच्या समितीत होता. कोणाकडे कोण आलं, कोणी काय आणलं, सगळं तो पोलिसांना लिहून देई. रूझेना मनाची वाईट नव्हती, पण जे बघेल ते घरी जाऊन बोलल्याशिवाय तिला राहवत नसे.

"काय गं बोहुमिला, पोरांचं चाललं का?" तिची नजर टेबलावर गेली. "अगंबाई, एवढेच डबे? तिघांना? समुद्रावर जाताय की बाजारात?"

स्लावेकच्या हातातली पेन्सिल थांबली.

"काहीतरीच तुझं!" बोहुमिला हसली. एवढं खोटं ती आयुष्यात हसली नव्हती. "हा तर नुसता पहिला घाणा आहे. अजून एकोणीस भरायचेत. तुझा रस्सा आण इकडे, आधी तुझे काढून टाकते."

रूझेना तीन तास बसली. तिचे बारा डबे झाले, कॉफी झाली, सुनेच्या कागाळ्या झाल्या. ती गेल्यावर बोहुमिलाने दाराला कडी घातली.

"मला काय दुधखुळी समजतोस?"

"आई..."

"कुठपर्यंत जाताय, एवढं सांग."

चाळीस वर्षांचा बाप्या, पण खालचा ओठ लहानपणीसारखा थरथरत होता. "झाग्रेबहून समुद्राकडे वळायचं नाही. वर जायचं, मारिबोरकडे. तिथून डोंगरातून पायी ऑस्ट्रियात. एक माणूस वाट दाखवणार आहे."

"आणि मला कधी कळवणार होतास?"

"पोचल्यावर. तुला माहीत नसलं तर तुला त्रास होणार नाही, असं मार्सेला म्हणाली." मार्सेला त्याची बायको. तिचा भाऊ पळून गेल्यापासून तिची शाळेतली नोकरी सुटली होती. आता ती दुधाच्या बाटल्या धूत होती. "ब्लांकालाही पुढे कोणी शिकू देणार नाही, आई. आत्ताच बाई तिला मागच्या बाकावर बसवतात. आठ वर्षांची आहे गं ती. तिघांना एकदम देशाबाहेर जायची परवानगी कुणाला मिळते? एरवी पोराला इथे अडकवून ठेवतात. कुणाची तरी चूक झालीय, ती लक्षात यायच्या आत निघायला हवं." मग तो एकदम म्हणाला, "तू नको म्हण. नको म्हणालीस ना, तर हा नकाशा चुलीत घालतो."

नको म्हणायचं होतं. देवाशपथ, तोच एक शब्द तिच्या ओठांवर होता. पळून गेलेल्यांच्या आईला पासपोर्ट मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. पत्रं फोडून वाचतात. म्हणजे आता दिसतोय तेवढाच हा मुलगा.

"गाढवा," ती म्हणाली, "पेट्रोलसुद्धा लिहून काढलंस आणि डबे विसरलास. सीमेवर गाडी उघडून नऊच डबे बघितले तर जन्मभर खडी फोडत बसाल. जा, तळघरातून रिकामे डबे आण. एकोणीस."

पुढचे तीन दिवस ती चुलीपाशी उभी होती. हिवाळ्यापासून राखून ठेवलेलं डुकराचं मांस सगळं बाहेर काढलं. पाय सुजले, हाताला चटके बसले. मार्सेला मदतीला आली, कांदा चिरता चिरता रडू लागली.

"आई, तुम्ही इतकं नका हो करू. हे डबे तर आम्ही तिथे गाडीतच..." गाडी मारिबोरला सोडून पायी जायचं होतं. पाठीवर मूल आणि वर अठ्ठावीस डबे कोण नेणार?

"मला माहितेय गं," बोहुमिला म्हणाली. "तू मीठ बघ." खाणारं कुणी नसलं तरी तिने एकाही डब्यात मसाला कमी पडू दिला नाही.

शनिवारी सकाळी गाडी दारात लागली. रूझेना आणि तिचा नवरा कुंपणाशी येऊन उभे राहिलेच. त्यांच्यादेखत दोन आठवड्यांपुरताच निरोप घ्यायचा होता. मुलाला किती वेळ मिठी मारायची? नेहमी मारायची तेवढीच. बोहुमिलाने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि हात काढून घेतला. तो हात कसा निघाला, तिचं तिला माहीत.

"चांगल्या सावलीत डबे ठेव रे," ती मोठ्याने म्हणाली.

"माझ्यासाठी शिंपले आण, मार्सेला!" रूझेना ओरडली.

ब्लांकाला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने खिडकीतून डोकं काढलं. "आजी, माझ्या सशाला रोज ताजं गवत घाल. मी येईपर्यंत कापायचा नाही हं. वचन?"

स्लावेकने मान फिरवली.

"वचन," बोहुमिला म्हणाली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

"पंधरा दिवस काय, चुटकीसरशी जातील," रूझेना म्हणाली.

"हो ना."

तेविसाव्या दिवशी पोलीस आले. "तुझा मुलगा कुठे आहे?" त्यांनी विचारलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला. पकडले असते तर त्यांनी विचारलं नसतं.

"समुद्रावर ना? मी स्वतः अठ्ठावीस डबे भरून दिलेत हो. पळून जाणारा अठ्ठावीस डबे नेतो का? रूझेनाला विचारा."

रूझेनाने शपथेवर सांगितलं, अठ्ठावीसच होते. बिचारी म्हातारी साफ फसवली गेली, अशी नोंद झाली. तिचं मशीन मात्र ते घेऊन गेले आणि गल्लीतल्या लोकांनी तिच्या घरावरून जाताना समोरच्या बाजूने चालायला सुरुवात केली.

पत्र एकही आलं नाही. आलं असेल तर तिच्यापर्यंत पोचलं नाही.

त्या गल्लीत कुणाचा ससा नाताळपलीकडे जगत नसे. ब्लांकाचा ससा तो नाताळ जगला, पुढचाही जगला. चौथ्या वर्षी त्याला डोळ्यांनी दिसेना, दातही लांब वाढले. बोहुमिला गवत बारीक चिरून त्याच्या तोंडाशी धरू लागली. एकदा कुंपणापलीकडून रूझेनाने विचारलंच, कितीतरी दिवसांनी ती बोलली होती.

"अगं, कशाला हाल करतेस त्याचे? कापून मोकळी हो. मांससुद्धा आता चिवट झालं असेल."

"ब्लांका येऊ दे," बोहुमिला म्हणाली आणि उरलेलं गवत चिरायला घेतलं.