तिसरी गिरकी

सेटवर सगळे त्याला मास्तर म्हणत. मारामारीचे प्रसंग बसवण्यात त्याची उभी हयात गेली होती. या सिनेमात नायिकेच्या जागी उड्या मारायला त्याने आपल्याच भाचीला, बारकीला, घेतलं होतं. पोरगी सोपवताना बहीण एवढंच म्हणाली होती, "दादा, तुझ्या जिवावर पाठवतेय हो."

सिनेमा एका गाजलेल्या व्हिडिओ गेमवर बेतलेला होता. गेममधली लढवय्यी गच्चीवरून झेप घेते, हवेत तीन गिरक्या मारते आणि उतरता उतरता शत्रूच्या छातीत लाथ हाणते. बारकीने कमरेला दोर बांधून ती झेप घेतली, आणि झकास घेतली. पण दिग्दर्शकाने पडद्यावर पाहून नाक मुरडलं.

"मास्तर, दोर ओढतोय हे कळतंय. दोराशिवाय करू."

"दोराशिवाय दोनच होतील, साहेब. तिसरीच्या आत माणूस खाली येतो. गेममधल्या बाईला हाडं नसतात."

"हा गेम खेळून मोठी झालेली पोरं थिएटरात बसणार आहेत. एक गिरकी कमी पडली तर आपली सालटी काढतील."

मास्तरने साफ नकार दिला. दिग्दर्शकाचा आवाजसुद्धा चढला नाही. "हरकत नाही. दुसरे मास्तर बोलावतो."

मास्तरने बारकीला बाजूला घेतलं. "चल, बॅग उचल. घरी जाऊ."

"मी नाही केलं तर मला परत कोण बोलवेल, मामा? मी करणार. तू गेलास तर गाद्या कोण लावेल, तेवढं सांग."

मास्तर गाद्यांकडे गेला आणि त्याने रांगत रांगत गादीचा सांधा न् सांधा स्वतः दाबून पाहिला.

बारकीने झेप घेतली. एक झाली, दुसरी झाली, तिसरीही पुरी झाली! मास्तरच्या तोंडून शाब्बास निघणार, तोच टाच कडेच्या फरशीवर आपटली. तिसरीने तिला गादीपलीकडे नेलं होतं.

"कट! अप्रतिम!" दिग्दर्शक ओरडला. टाळ्या पडल्या. बारकी उठली नाही.

"शॉट ओके झाला ना रे, मामा?" तिने दात आवळून विचारलं.

"झाला गं, राणी."

टाचेचा चुरा झाला होता. ऑपरेशन झालं, पुन्हा झालं. चालेल, पण उड्या विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बहीण मास्तरला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिनेमा लागला तेव्हा बारकीनेच हट्ट धरला. कुबडी टेकत ती थिएटरात आली, मास्तर शेजारी बसला. झेप आली तसा पुढच्या रांगेतला एक तरुण मित्राला म्हणाला, "हॅट! कॉम्प्युटरवर केलंय. माणसाला जमतं का असलं?"

"गेममध्येच भारी दिसतं," मित्र म्हणाला.

मास्तर ताडकन उभा राहिला. काय सांगायचं होतं, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"ओ काका, बसा की खाली! दिसत नाही!" मागून कोणीतरी खेकसलं.

बारकीने बाही ओढली. तो बसला. पडद्यावर नायिका कपाळावरचा घाम पुसत होती. बारकी मामाकडे न बघता, घसरणारी कुबडी पुन्हा पुन्हा खुर्चीला टेकवत राहिली.