काकांचा वर्ग

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीतल्या मागच्या खोलीत श्रीराम दर रविवारी दुपारी इतिहास सांगायचा. आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झालेला माणूस. पण दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपात शिकल्यासवरल्या माणसांनी हुकूमशहांना डोक्यावर कसं बसवून घेतलं, हे कोडं त्याला तरुणपणापासून छळत आलं होतं. ऐकायला पंधरा-वीस मराठी मंडळी यायची, बायको कांचनही असायची. मध्येच कुणाचा फोन वाजायचा, कुणाच्या गप्पा चालायच्या, आणि वाक्यागणिक देवांगची शंका असायची. "काका, हे फारच सिम्प्लिफाय करताय," म्हणत तो हसायचा, आणि श्रीराम मनातून चडफडायचा.

इटलीच्या रविवारी श्रीराम रंगात आला. राजधानीवर चालून येणाऱ्यांना सैन्यानं सहज थोपवलं असतं, पण राजानं आणीबाणीच्या हुकमावर सहीच केली नाही, उलट त्यांच्या नेत्याला बोलावून सरकार त्याच्या हाती दिलं, हे तो सांगत होता.

"काका, एक मिनिट..."

"देवांग, गप्प बस जरा," श्रीराम म्हणाला. एवढंच. पण त्यानंतर खोलीत कुणाची खुर्चीही कुरकुरली नाही.

पुढच्या रविवारी तो आत शिरला आणि सगळे उभे राहिले. तो ओशाळून "बसा, बसा" म्हणाला, तेव्हाच बसले. त्या दिवशी विषय जर्मनीचा होता. 'आपण याला मुठीत ठेवू' म्हणत जुन्या पुढाऱ्यांनीच भावी हुकूमशहाला सत्तेवर बसवलं, मग संसदेला आग लागली, आणि दुसऱ्याच दिवशी एका फर्मानानं लोकांचे हक्क गेले. न्यायाधीश, प्राध्यापक मात्र बहुतेक आपापल्या जागी काम करत राहिले. कुणी काही विचारलं नाही.

"देवांग आला नाही?" श्रीरामनं विचारलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून," पुढे बसलेल्या शोभनाताई मऊ आवाजात म्हणाल्या.

घरी येऊन त्यानं फोन लावला. देवांगच्या बायकोनं, सुवर्णानं, उचलला.

"तो बरा आहे ना गं?"

"बरे आहेत, काका. फक्त बोलत नाहीत. तुम्हीच गप्प बस म्हणालात ना?" तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेशही नव्हता. "मुलांनाही सांगू का?"

त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

नंतरच्या रविवारी त्यानं उभ्याउभ्याच जाहीर केलं, "हा वर्ग आजपासून बंद." का म्हणून एकानंही विचारलं नाही. सगळे एकदम उठले, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि निघून गेले. रिकाम्या खोलीत त्याच्या अंगावर काटा आला. आणि त्या भीतीच्या तळाशी काहीतरी उबदार हललं, त्याच्याकडे त्यानं बघायचं टाळलं.

परतताना कांचन ड्राइव्ह करत होती.

"तुला तरी हे विचित्र वाटतंय की नाही?"

लग्नापासून त्याला अरे-तुरे करणारी कांचन समोर बघत म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल, तर वाटतंय."

सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागून हॉर्न वाजू लागले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून कांचन त्याच्याकडे बघत थांबली होती.

"चल," तो म्हणाला.

आवाज नेहमीपेक्षा जरा खोल लागला होता. त्याला तो आवडला.