टाकी जिवंत होती

गौहर शहरातल्या एका महाविद्यालयात संशोधन करायची. गोबरगॅसच्या टाकीत गॅस तयार करणारे आर्किया नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते जनुकांवरून ओळखायची नवी पद्धत ती पडताळत होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या आर्कियावर पद्धत चोख चालली होती. टाकीतल्या शेणकाल्यात चालते का, हे अजून बघायचं होतं.

तरीही खुलताबादजवळच्या एका गावातल्या वच्छलाबाईंच्या टाकीतला नमुना तिनं तपासला. थंडीत त्यांची शेगडी जेमतेम पेटत होती. नमुन्यात आर्कियाची खूणही दिसली नाही. गौहरनं जाऊन सांगून टाकलं, "मावशी, टाकीतले जीव मेले. उपसा आणि नव्यानं भरा."

"सगळेच मेले?"

"सगळेच."

"तू म्हणतीस तर उपसू. सोमवारी गडी लावते."

रविवारी गौहरनं राहिलेली चाचणी केली. त्याच शेणकाल्यात तिनं वाढवलेले आर्किया मिसळले. तेही दिसेनात! शेणातलंच काहीतरी तपासणीला अडवत होतं. मग अडवणारं ते विरळ व्हावं म्हणून मूळ नमुन्याचा अर्क तिनं खूप पातळ करून पाहिला, तर आर्किया स्पष्ट दिसले. टाकी जिवंत होती. फक्त थंडीनं मंदावली होती.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहर तापलेलं होतं. एसट्या बंद होत्या. वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेला तिचा भाऊ फारूख म्हणाला, "चल, स्कूटरवर सोडतो. आतल्या रस्त्यानं जाऊ."

"नको, माहौल ठीक नाही."

पण भीती रस्त्याची नव्हती. 'मी चुकले' हे वच्छलाबाईंच्या तोंडावर म्हणायची होती.

एसट्या सुरू झाल्यावर ती गेली. उपसलेला काला शेतात वाळत पडला होता. वच्छलाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. ऑपरेशन झालेला डोळा लालभडक होऊन गळत होता. डॉक्टरनं धूर वर्ज्य सांगितला, म्हणून तर लेकानं टाकी बांधली होती.

गौहरनं सगळं सांगितलं.

"कधी कळलं तुला?"

"उपसायच्या आदल्या दिवशी."

"आन् आली नाय?"

"फारूख आणत होता. मीच नाही म्हणाले. लाज वाटली."

वच्छलाबाईंनी लाकूड आत सारलं. "लाज वाटली व्हय," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं डोळा टिपला.

शेजारच्या गावातल्या चालू टाकीतला काला गौहरनं डब्यांत भरून आणला, नव्या शेणात विरजणासारखा मिसळला. उन्हाळा लागताना शेगडी पेटली. तिच्या शोधनिबंधात वाढवलेले आर्किया मिसळून बघायची ती रविवारची चाचणी सगळ्यात आधी आली. मार्गदर्शक सरांनी तिची पाठ थोपटली. गौहर मान खाली घालून उभी राहिली.

वच्छलाबाईंचा डोळा अधूच राहिला. गौहर आली की त्या चहा टाकतात, म्हशींचं बोलतात. डोळ्याचं कधी काढत नाहीत. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं गौहरला दर वेळी वाटतं.