दुसऱ्या नळाचा प्रश्न

चारुशीला रामटेके बाईंचा गणिताचा तास म्हणजे सक्करदऱ्याच्या त्या मुलींच्या शाळेत रोजची कटकट. उत्तर बरोबर आलं तरी बाई पोरीला खाली बसू देत नसत. वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी "काहून?" म्हणून कारण विचारायचं, उभी असलेलीने पटवून द्यायचं, मगच बसायचं. सातवीच्या पोरी त्यात अशा काही रंगायच्या, की शेजारी भूगोल शिकवणारे शालिकराम मास्तर डस्टर आपटून आपटून थकत. ही बाई वर्गात बाजार भरवते, असं ते हेडमास्तरांना येता-जाता ऐकवत.

एकाहत्तर साल होतं आणि बाईंची नोकरी अजून कच्ची होती. नवरा गेलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर उन्हाळ्यानंतर घरी. हेडमास्तर चंपतराव तसा काही वाईट माणूस नव्हे. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बाईंना वर्गाच्या दारातच गाठलं.

"बाई, साहेबाले गोंगाट चालत नाही. पोरी कशा एका सुरात बोलल्या पाहिजे. उद्यापुरतं ते तुमचं 'काहून' बंद ठेवा. शेरा बिघडला त तुमची नोकरी जाईन. मी तरी किती झाकून घेऊ?"

"पोरींना गप्प बसा म्हणून मी सांगणार नाही, सर."

बोलून तर गेल्या, पण घरी चुलीपुढे लक्ष लागेना. भाकरी करपली. एवढा ताठा कशाला दाखवला, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. तरी सकाळी पोरींना त्या काही म्हणजे काही बोलल्या नाहीत.

साहेब आले ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. खुर्चीवर बसूनच त्यांनी विचारलं, "एका टाकीला दोन नळ. एक तीन तासांचा, दुसरा सहा तासांचा. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती तासांत भरेल?"

बाईंच्या लगेच लक्षात आलं. दुसरा नळ टाकी भरतो का रिकामी करतो, ते साहेब सांगायचेच विसरले होते. ह्याच नळावरून ह्या वर्गात अख्खा तास भांडण झालं होतं, आणि ते उकरून काढणारी गोपिका पहिल्याच बाकावर बसली होती. आता ही उठणार, साहेबांना भर वर्गात अडवणार, आणि संपलं. बाई घाबरल्या. पण खरं सांगायचं तर तिने उठावं, असंही त्यांना वाटत होतं.

गोपिकाने बाईंकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "दोन तास," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. साहेबांनी आणखी प्रश्न विचारले, पोरींनी पाढे म्हटल्यासारखी उत्तरं दिली. साहेबांचा चेहरा खुलला.

दुपारी चंपतराव हसत आले. "कायम झाल्या समजा, बाई. इतर शिक्षकांनी तुमचा तास बघून शिकावं, असा शेरा आहे."

बाई सरळ वर्गात गेल्या. "दुसरा नळ भरणारा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

गोपिका उभी राहिली. "कोणीच नाही, बाई. पण काल दारात सर बोलले ते आम्ही ऐकलं. मंग सुट्टीत आम्ही सगळ्या बसलो. विचारलं त साहेब चिडन. साहेब चिडला त तुमची नोकरी जाईन. म्हणून कोणीच काही विचाराचं नाही, असं ठरवलं. चुकलं काय?"

बाईंनी चूक शोधून पाहिली. एकेक पायरी तपासली. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांना पोरींबद्दल माया दाटून आली आणि तितकीच शरमही वाटली.

"नाही चुकलं," त्या म्हणाल्या.

गोपिका बसली नाही. "मंग आता रोज विचाराचं का नाही?"

"मास्तर लोक आपला तास बघायला येऊन बसले, तर नाही. एरवी विचारायचं," बाई म्हणाल्या. "जा, दार लोटून घे."

गोपिकाने दार लोटलं, आणि बाईंनी कायम झालेल्या नोकरीचा पहिला तास हलक्या आवाजात सुरू केला.